किलोचा भाव, नगाचा भाव

पॅरिसच्या जुन्या बाजाराला जायचं असेल तर मेट्रोतून उतरल्यावरची पहिली दहा मिनिटं मन घट्ट करून चालावं. चार नंबरची मेट्रो, पोर्त द क्लिन्याँकूर हे स्टेशन. जिना चढून वर आलं की बुटांचे ढीग, मोबाइलची कव्हरं, चामड्याची म्हणून विकली जाणारी जाकिटं आणि हातात चार घड्याळं धरून कुजबुजत मागे लागणारी पोरं. इंदूरच्या माणसाला यात नवल काही नाही. राजवाड्यावरून खजुरी बाजाराकडे वळताना आपण हे रोज बघतो, फक्त तिथे कुणी 'मादाम' म्हणत नाही. "मावशी, पर्स पुढे घे आणि सरळ चल," भाचीने बजावलं. ती तिथे नोकरीला आहे, तिला सवय आहे. बरेच पर्यटक म्हणे इथूनच परत फिरतात आणि एवढ्या नावाजलेल्या बाजारात काही दम नाही म्हणून सांगत सुटतात.

खरा बाजार पुढे आहे. शहराचा रिंगरोड डोक्यावरून जातो. त्याच्या पुलाखालून पलीकडे गेलं की पॅरिस संपतं आणि सँ-तुआं लागतं. गाव वेगळं, नगरपालिका वेगळी. थोडं चाललं की र्यू दे रोझिए हा लांबलचक रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकाला लागून एक असे स्वतंत्र बाजार. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा तोरा निराळा. सगळे मिळून हजाराच्या वर विक्रेते. शनिवार, रविवार, सोमवार हे मुख्य दिवस.

हा बाजार नेमका हद्दीबाहेरच का वसला, याचं उत्तर कचऱ्यात आहे. आणि कचरा म्हटलं की आम्हा इंदूरकरांची छाती फुगते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हजारो माणसं चिंध्या वेचून जगत. पाठीवर टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात टोकाला आकडा असलेली काठी. रात्री घरांपुढचे ढीग उकरायचे. चिंध्या कागदाच्या गिरणीला, हाडं सरस आणि बटणं करणाऱ्यांना, लोखंड-काच त्या त्या व्यापाऱ्याला. सगळा माल वजनावर. मग यूजीन पूबेल नावाचा प्रिफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रशासक, आला. नोव्हेंबर १८८३ मध्ये त्याने हुकूम काढला: प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवायचे आणि कचरा वेगवेगळा करायचा. कुजणारा एकीकडे, कागद-चिंध्या दुसरीकडे, काच, चिनीमाती आणि कालवांचे शिंपले तिसरीकडे. गाडी सकाळी येऊन डबे रिकामे करणार. म्हणजे रस्त्यावर ढीगच उरला नाही. वेचणाऱ्यांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनीही केला, पण डबे राहिले.

पॅरिसला तेव्हा भोवताली तट होता. तटाबाहेरच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम करायला बंदी, त्यामुळे झोपड्या घालायला जागा मिळायची. शिवाय शहरात माल न्यायचा तर नाक्यावर चुंगी भरावी लागे, बाहेर ती नाही, म्हणून बाहेर दारू स्वस्त. रविवारी पॅरिसकर हवा खायला आणि घोट घ्यायला तटाबाहेर यायचे. वेचणाऱ्यांनी त्यांच्या वाटेवर चादरी अंथरल्या. सँ-तुआंच्या नगरपालिकेने त्या गोंधळाला जरा शिस्त लावली ते १८८५ साल. तेच बाजाराचं जन्मवर्ष धरतात.

तीन डबे, १८८३ मध्ये! आमच्याकडे २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांतल्या पहिल्या नंबराचं कौतुक चाललंय, गाडी गाणं वाजवत दारात येते, ओलं-सुकं एकत्र दिसलं तर मदतनीस सगळ्या गल्लीसमोर पाणउतारा करतो. मला ते आवडतंच. पण कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या तेव्हा त्या कुंड्यांवर जगणाऱ्या बायकांनाही दुसरी वाट शोधावी लागली. काही जणी कचरा निवडण्याच्या केंद्रांवर लागल्या. बाकीच्यांचा विचार पॅरिसला जाऊन यावा लागला तेव्हा मनात आला, हेही खरंच.

तर मूळ मुद्दा. वेचणारा सगळं किलोने विकायचा. पण टोपली उपडी केल्यावर एखादी गोष्ट त्याचा हात थांबवायची. चांदीच्या मुठीचा चाकू, काचेचं दौतीचं झाकण, एक डोळा शाबूत असलेली बाहुली. ती वजनात टाकायची नाही, चादरीवर बाजूला मांडायची, आणि तिचा भाव वेगळा सांगायचा. भंगार आणि अँटीक यांच्यात फरक असतो तो इथे, तराजूच्या आधीच्या त्या क्षणात. वस्तू तराजूत पडली की ती नुसतं पितळ, नुसतं लोखंड. हातात राहिली की नग.

व्हेर्नेझाँ हा त्या सगळ्यातला माझा आवडता बाजार, आणि जुन्यांपैकी. १९२० च्या सुमारास व्हेर्नेझाँ नावाच्या गृहस्थाने आपल्या जमिनीवर लाकडी खोपटी टाकून ती भाड्याने दिली, तेव्हा चादरीवरच्या विक्रेत्याला पहिल्यांदा छप्पर मिळालं. गल्ल्या अरुंद आणि वाकड्यातिकड्या आहेत, भाचीचा मोबाइलवरचा नकाशाही तिथे हात टेकतो. माणूस एका दुकानातून बाहेर पडतो तो दुसऱ्याच गल्लीत. एका दुकानात फक्त बटणं. हस्तिदंती, शिंपल्याची, काचेची, काळ्या दगडाची, कार्डांवर शिवून ठेवलेली. एका दुकानात फक्त किल्ल्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोरा आणि दोऱ्याला भावाची चिठ्ठी. ज्या कुलपांच्या त्या किल्ल्या, ती कुलपं कुठे आहेत हे देवालाच ठाऊक, तरी भाव आहे. निळ्या मिन्याच्या पाट्यांवर पांढरे घरनंबर. उतरत्या क्रमाने टांगलेली तांब्याची पातेली, आत कल्हई, बाहेर लखलखीत. आणि खोक्यांमधून हजारो फोटो: लग्नातले, सैनिकी गणवेशातले, समुद्रकिनाऱ्यावर हसणारे लोक. नावं कुणाचीच नाहीत.

फोटोंच्या खोक्यापाशी मी जरा जास्त वेळ उभी राहिले. विकणाऱ्या बाईंनी फोटो माणसांप्रमाणे लावलेलेच नव्हते. सायकली, कुत्री, दुकानांच्या पायऱ्या, स्वयंपाकघरं, असे कप्पे होते. स्वयंपाकघराचा कप्पा सगळ्यात महाग. भाचीने विचारून घेतलं तेव्हा कळलं की लोक स्वयंपाकघराचे फोटो काढतच नसत, म्हणून ते मिळत नाहीत. आपण तरी कुठे काढले? आमच्या रामबागेच्या घरातले जुने फोटो आठवून पाहिले. सगळे दिवाणखान्यात नाहीतर अंगणात, मागे चादर टांगून. चूल, मांडणी, बंब, पाट्यावर वाटण वाटणारी आजी यातलं काहीही कुठल्याच फोटोत नाही.

व्यवहाराचं थोडं सांगते, कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. दुकानात पाय ठेवताच 'बाँजूर' म्हणायचं. आधी वस्तूला हात आणि मग नमस्कार, असं केलंत तर दुकानदार तुमच्याकडे पाहणारच नाही. घासाघीस चालते, पण अर्ध्यावरून सुरुवात करायचा आपला इंदूरी हिशेब तिथे अपमान समजतात. 'यात काही होईल का?' असं विचारायचं आणि तो सांगेल त्यावर फार ताणायचं नाही. रोख दिली तर जीभ सैल सुटते, हे मात्र दोन्हीकडे सारखं. आणि दुपारी एकच्या सुमारास कुणाशी व्यवहार करायला जाऊ नये. विकायला ठेवलेल्या दोनशे वर्षांच्या टेबलावर विकायलाच ठेवलेल्या बशा मांडून, शेजारपाजारचे दुकानदार मिळून जेवत असतात. वाइनची बाटली उघडलेली असते. गिऱ्हाईक आलं तर मान हलवतात, उठत नाहीत. इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणारा माणूस जितक्या शांतपणे जगाकडे पाहतो तितक्याच शांतपणे.

मी तिथे एक लाकडी कॉफीचक्की घेतली. वर लोखंडी वाटी आणि दांडा, खाली छोटा खण, पितळी पट्टीवर 'प्यूजो' असं नाव. हो, तीच मोटारवाली कंपनी. मोटारींच्या कितीतरी आधी, १८४० पासून, ते कॉफीच्या चक्क्या करत आलेत. त्यातली दळणारी दाती अजून धारदार आहे. मी तिच्यात मिरी भरडते.

व्हेर्नेझाँच्या पुढे बिराँ, १९२५ मधला, तिथे झुंबरं आणि सोन्याचा मुलामा दिलेले आरसे. तिथून भरभर निघाले. ज्या वस्तूंनी आधीच ठरवून ठेवलंय की आपण मौल्यवान आहोत, त्यांच्याकडे बघायला मजा येत नाही. दोफीन बाजार १९९१ चा, लोखंड-काचेचा, दुमजली, वरच्या मजल्यावर जुनी पुस्तकं आणि रेकॉर्डी, ते बरं होतं. पण खरी गंमत झाली ती पोल बेरमध्ये.

पोल बेर आणि त्याला लागूनचा सेर्पेत हे विसाव्या शतकातल्या फर्निचरचे बाजार. सेर्पेत तर जुन्या गॅरेजच्या इमारतीत आहे. एका दुकानाबाहेर वाकवलेल्या पोलादी नळ्यांची खुर्ची होती, बसायला काळं कातडं. दुकानदार साठीचे, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. मी खुर्चीकडे पाहतेय असं दिसल्यावर त्यांनी ती उचलून उलटी केली. सगळ्या जुन्या बाजारांतले जाणकार हेच करतात, वस्तूचा चेहरा बघत नाहीत, तळ बघतात. त्यांनी स्क्रू दाखवले. एका सरळ खाचेचे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आले, म्हणून फुली दिसली तर खुर्ची नंतरची किंवा दुरुस्त केलेली. मग नळीवर बोट ठेवलं. निकेलचा मुलामा असेल तर रंगात किंचित पिवळी झाक, क्रोमचा असेल तर निळसर. मग पायांच्या आतल्या कडा, जिथे माणसाच्या टाचा लागतात तिथली झीज. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती कानशीने केलेली. इंदूरला आमच्या ओळखीच्या सुताराला चहाच्या पाण्याने आणि बूटपॉलिशने नवं लाकूड पन्नास वर्षांचं करता येतं, पण माणूस कुठे टाच टेकतो याचा विचार तोही करत नाही.

"तुम्ही कुठल्या?" त्यांनी विचारलं. परदेशात या प्रश्नाला मी 'भोपाळजवळ' असं उत्तर देते, कारण भोपाळ निदान वायूकांडामुळे लोकांनी ऐकलेलं असतं. त्या दिवशी 'इंदूर' म्हणून गेले. त्यांचे डोळे मोठे झाले. "इंदूर? माणिकबाग?"

माणिकबाग म्हणजे आमच्यासाठी एक रस्ता. एक पूल. सिटीबसचा थांबा. राजवाड्याची ती इमारतही आहेच, तिच्यात केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय भरतं. या गृहस्थांना मात्र ती इमारत आतून पाठ होती. त्यांनी फोन काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. पाठीत दिवे बसवलेल्या दोन लाल खुर्च्या, काचेचा आणि धातूचा पलंग, भौमितिक नक्षीचे गालिचे. भारतात कधी आला नाहीत ना, विचारलं. नाही म्हणाले.

हकिगत अशी. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८, लहानपणीच इंग्लंडला शिकायला गेले. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी ओळख झाली, तोही त्यांच्याच पिढीतला. वडिलांच्या गादीत्यागामुळे यशवंतराव १९२६ मध्ये गादीवर आले आणि पुढे त्यांनी मुथेसियसला इंदूरला राजवाडा बांधायला सांगितला. १९३० ते १९३३ एवढ्या काळात माणिकबाग उभी राहिली. घुमट नाहीत, कमानी नाहीत, हत्तीचे दात नाहीत. सरळ रेषा, पोलाद, काच. फर्निचर युरोपातल्या नव्या दमाच्या लोकांकडून: रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची लांब खुर्ची. मालव्याच्या उन्हाळ्यासाठी वातानुकूलनसुद्धा. त्याच वेळी त्याच शहरात आमचे पणजोबा वाळ्याचे पडदे भिजवत होते.

यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुशीकडून उडत्या पक्ष्याची तीन शिल्पं घेतली, एक ब्राँझचं आणि दोन संगमरवराची, एक पांढरं, एक काळं. त्या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. १९३७ मध्ये महाराणी संयोगितादेवी गेल्या. वर्ष सरता सरता ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालं नाही. ते दोन संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले, आज ते कॅनबेराला आहेत. यशवंतराव १९६१ मध्ये वारले. आणि माणिकबागेचं फर्निचर १९८० मध्ये माँटे कार्लोला सदबीजच्या लिलावात विकलं गेलं.

लिलाव १९८० मध्येच का, हे त्या दुकानदाराने समजावलं, आणि मला ते किलो-नगाच्या हिशेबात चपखल बसलं. युद्धानंतर या फर्निचरला कुणी विचारत नव्हतं. जुनं म्हणावं इतकं जुनं नाही, नवं म्हणावं इतकं नवं नाही. पॅरिसमध्येही असले तुकडे अडगळीत पडून होते आणि याच सँ-तुआंच्या बाजारात स्वस्तात मिळत. मग १९७२ मध्ये द्रुओच्या लिलावघरात जाक दूसे या फॅशनसम्राटाचा संग्रह विकला गेला आणि भाव एकदम उसळले. २००९ मध्ये आयलीन ग्रेची एक खुर्ची पॅरिसच्या लिलावात दोन कोटी युरोंच्या पलीकडे गेली. तेव्हा १९८० ही वेळ मध्यावरची होती. वस्तू नग झालेली होती, पण तिचा नग म्हणून भाव अजून चढायचा होता.

आपल्याकडे १९७२ मध्ये पुरावशेषांचा कायदा झाला, शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. माणिकबागेच्या खुर्च्यांचं वय तेव्हा चाळिशीचं. देवळातली मूर्ती असती तर कायद्याने थांबवलं असतं. नळीच्या खुर्चीला कोण थांबवणार?

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय निघाला की एक ठरलेला उसासा येतो, 'सगळं बाहेर गेलं हो आपलं'. मी तो उसासा टाकत नाही. शहरातला होळकरांचा जुना राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला, आतलं किती लाकूड गेलं. माणिकबागेतलं सामान इंदुरातच राहिलं असतं तर त्याचं काय झालं असतं, याचा अंदाज करायला सरकारी कार्यालयातलं कुठलंही जुनं कपाट बघावं. ते गेलं म्हणून टिकलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने माणिकबागेवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जगभर विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र ठेवता आले. कशाच्या आधारावर? मुथेसियसने काढलेले फोटो होते, आराखडे होते, बिलं होती. कोणती खुर्ची कोणत्या खोलीत कोणत्या भिंतीशी होती हे सांगता येत होतं. कागद असला की वस्तू तराजूत पडत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परत आले आणि थेट आत्याकडे गेले. रामबागेत आमच्या वाड्याचा जो भाग अजून उभा आहे त्यात ती राहते. उरलेल्या अर्ध्या भागाचे फ्लॅट झाले. फ्लॅट व्हायचे ठरले त्या वर्षी माळा रिकामा केला होता. मी तेव्हा हजर होते. अटाल्यावाला, म्हणजे भंगारवाला, हातगाडी घेऊन अंगणात उभा, हातात आकडा लावलेला लटकता इलेक्ट्रॉनिक काटा. बंब, दोन घंगाळी, पराती, फिरकीचा तांब्या, खलबत्ता, कडीचे डबे, पंचपाळं. लोक वरून द्यायचे, तो आकड्याला अडकवायचा, लाल आकडे चमकायचे. तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंड तिसरं. त्यात धान्य मोजायची मापंही होती, शेर, अच्छेर, पावशेर. मेट्रिक मापं आल्यापासून ती माळ्यावरच होती. ज्यांनी आमच्या घरात तीन पिढ्या धान्य मोजलं, त्यांचंच वजन झालं आणि एका ओळीत बेरीज मांडली गेली. बंबाच्या आतली कल्हई जाड होती म्हणून त्याने किलोमागे काही रुपये कापले होते, तेवढ्यावरून दादाने हुज्जत घातली.

पॅरिसमध्ये तांब्याच्या पातेल्यांवर मी जे आकडे पाहिले ते आत्याला सांगितले. युरोचे रुपये करून सांगितले. तिला धक्का बसेल, हळहळ वाटेल अशी माझी कल्पना. ती शेंगा सोलत होती.

"घासतं कोण ती तिथे?"

"कुणी घासत नाही. टांगून ठेवतात."

"मग बरोबर आहे. टांगायची असतील तर पैसे दे नाहीतर काय. मी चिंच आणि राख लावून पन्नास वर्षं घासली. अटाल्यावाला आला तेव्हा मी गणपतीला नारळ फोडला, आठवतंय का?"

मला आठवत होतं. आम्हाला वाटलं होतं नारळ वाड्याच्या कामाच्या शुभारंभाचा. जुन्या वस्तूंबद्दल गळा काढणाऱ्यांत घासणारे हात क्वचितच असतात, हे आत्या कधी म्हणणार नाही, पण तिच्या बोलण्यातून मला तरी तेच ऐकू आलं. स्टीलच्या भांड्यांवर तिचं मनापासून प्रेम आहे. बर्तन बाजारात मोड देऊन घेतलेला पहिला स्टीलचा डबा तिने अजून ठेवलाय, त्यावर तारीख कोरलेली आहे. तिच्या हिशेबात घरातला मौल्यवान जुना नग तोच.

चक्की तिने हातात घेऊन तोलून पाहिली. "लाकूडच आहे की सगळं," म्हणाली, आणि खण उघडून वास घेतला.

तरी तिच्या घरात एक झोपाळा आहे. सागवानी पाट, चारही कड्या पितळी, कड्यांच्या साखळीत मध्येमध्ये मोर आणि घोडे ओतलेले. त्याच्यावर ती बसत नाही, गुडघे उतरू देत नाहीत. पावसाळ्यात घरात तो अडतोच. महिन्याभरापूर्वी गल्लीत अटाल्याची गाडी आली. आता गाडीवर वेगळा माणूस असतो, जुन्याचा मुलगा किंवा पुतण्या असावा. त्याने आकडा बाहेरच काढला नाही. झोपाळ्याचे चार फोटो घेतले, एक पाट उलटा करून खालून घेतला, एक कड्यांचा अगदी जवळून. कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर उदयपूरचे, जोधपूरचे लोक आहेत, हॉटेलांना माल पुरवणारे. "माताजी, ये तौल का माल नहीं है," त्याने सांगितलं. मग बाहेरच्या लाकडी चौकटीकडे आणि कोरलेल्या ब्रॅकेटांकडे बघून म्हणाला, हे कधी काढायचं ठरलं तर मिस्त्रीला हात लावू देऊ नका, आधी मला फोन करा. मिस्त्री पहारीने काढतो आणि कोपरे मोडतो. कोपरा मोडला की भाव निम्म्यावर.

मी त्याला विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? शिकवायचंय काय, म्हणाला, एकदा बापाने एक जुनी मूठ पितळेच्या भावात विकली, ती दोन दिवसांनी एका दुकानाच्या काचेत दिसली.

आत्याला आधी मी सांगितलं की विकू नकोस, निदान घाईने नको. झोपाळा कुठल्या सुताराने केला, कड्या कुठून आणल्या, तिच्या आईच्या माहेराहून आल्या की इंदुरातच ओतून घेतल्या, हे ती सांगेल तेवढं मी लिहून काढलं, आणि फोटोही काढले, दिवाणखाना, मांडणी, झोपाळा, ओटा, सगळ्यांचे, माणसांशिवाय. ती म्हणाली, घरात कुणी नाही असं वाटतंय यात. मग तिला ओट्याशी उभं करून एक काढला.

विकायचं मात्र तिने ठरवलंय. गाडीवरच्या पोराने तीस हजार सांगितले. आत्याने साठ सांगितले, आणि कड्या वेगळ्या काढून देणार नाही ही अट घातली. तो पस्तीसपर्यंत आला, मग चाळीस. आत्याने कपबशी उचलून आत नेली, म्हणजे चर्चा संपली. जाताना दारातून म्हणाला की शनिवारी मालकाला घेऊन येतो. आत्या मला म्हणाली, मालक येणार असेल तर पंचावन्नच्या खाली नाव घेऊ नकोस, आणि तू मध्ये बोलू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.